मयताचा पास

मांडवगण फराटा
३ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
बन्सीचा स. जयभीम वि. वि.

होडी निम्म्या नदीत असताना तुमच्या शिपायांनी परत फिरवली. आईचा चष्मा आणि शेंगदाण्याची चटणी माझ्यापाशीच राहिली. तुझ्या दीक्षाच्या बाळंतपणाला आई महिनाभर म्हणून खुटबावला आली, त्याच महिन्यात भीमथडी वेगळा देश झाला आणि मोजणीत आई तिकडची ठरली. चार वर्षं झाली. शिरूरचे साहेब म्हणतात, तिचा परतीचा अर्ज वर गेला आहे. तिला सांग, खाट जागेवरच आहे. फोन बंद आहेत तोवर पत्र लिहीत जा आणि माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा
बन्सी

खुटबाव
११ मार्च

चि. बन्सीस, अ. आ. व जयभीम.

आई काल पहाटे गेली. मयताच्या पासावर तीन दिवस इकडे येता येतं. हे पत्र दाखव आणि ये.

तुझी
ललिता

मांडवगण फराटा
२४ मार्च

ती. अक्कास, स. जयभीम.

पत्र दहा दिवसांनी मिळालं, फोडून पुन्हा चिकटवलेलं. तोवर सगळं उरकलं असणार, म्हणून पास मागितला नाही. काल पुण्यानुमोदन केलं. भंतेजी आले. दोनशे माणूस जेवलं. रडू आलं नाही. वाढपी कमी होते, वाढायला लागलो.

आज शिरूरला जाऊन आईचा परतीचा अर्ज मागे घेतला. दुसऱ्या कुणाचा नंबर कशाला अडवायचा. पुरावा म्हणून तुझं पत्र जोडलं. साहेब हळहळले. म्हणाले, मंजुरी दोन दिवसांवर आली होती.

स्वतःला जप.
बन्सी

खुटबाव
२ एप्रिल

चि. बन्सीस,

आई जिवंत आहे. पत्रं फोडतात म्हणून तेव्हा खरं लिहिता आलं नाही. आता फोडू देत.

तुला बघितल्याशिवाय औषध घेणार नाही म्हणून अडून बसली होती. मेल्याचं कळवू, बन्सी येईल, हे मीच सुचवलं. ती म्हणाली, कळीव, पर त्यो लई रडंल. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. दोनशे माणसाला काय केलं हुतं, असं विचारलं. मग म्हणाली, त्यो नुसता वाढत बसला आसंल, जेवला नसंल. आणि भिंतीकडे तोंड केलं.

चौदा एप्रिलला सकाळी तिला नदीवर आणते. तू पलीकडे उभा राहा. चटणी आण येड्या, लांबून दाखव तरी.

तुझी
अक्का

मांडवगण फराटा
१४ एप्रिल

ती. अक्कास, जयभीम.

आई दिसली. तिनं हात वर केला, मी डबा वर केला. आमच्याकडच्या शिपायानं विचारलं, पलीकडे कोण. मी आई म्हणालो. त्यानं वहीत पाहिलं आणि सांगितलं की माझी आई मयत आहे. मी व्हय म्हणालो. तुम्ही गेल्यावर डबा घेऊन घरी आलो.

तिला औषध घ्यायला लाव.
बन्सी

ता. क. १५ एप्रिल. सकाळी शिरूरला गेलो. परतीचा अर्ज पुन्हा घेत नाहीत. आईच्या मृत्यूचा दाखला तयार होता. सही करून घेतला.