होणाऱ्या जावयाच्या दोरावर

रोडपाली, गुरुवार

ती. बुधाजीदादांना काळूरामचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? इकडे आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे सुनंदा बरी आहे, मनस्वी चार दिवस माझ्याशी बोलत नाही आणि माझा डावा कान पुरीसारखा टम्म फुगला आहे. फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. मी फोनवर बोलायला लागलो की तुमची बहीण स्वयंपाकघरातून दुरुस्त्या करत बसते, आणि या प्रकरणात मला दुरुस्त्या नको आहेत.

मनस्वीने आणलेलं स्थळ तुम्हाला माहीतच आहे. परेश, तळोज्याला कारखान्यात पाळीवर जातो. मुलगा शांत, निर्व्यसनी, घरचे साधे. वाईट एवढंच की रविवार आला की हा माणूस कड्याला लोंबकळतो. आता तुम्हीच सांगा दादा, असल्याच्या हाती पोरगी द्यायची म्हणजे बापाचा जीव टांगणीलाच की! मी सुनंदाला म्हटलं, जो माझ्या पोरीला सांभाळणार त्याने आधी मला सांभाळून दाखवावं. (हे मी म्हटलं तेव्हा खुर्चीत बसून जेवत होतो.) त्यावर तुमची बहीण म्हणाली, "तुमी आधी वजन बघा सवताचं. दोराला पन जीव हाय." झालं! मग माघार कशी घेणार?

तर रविवारी पहाटे परेश, त्याचा मित्र फुजैल आणि मी, तुमच्या आपटा गावाच्या पलीकडे जो बोटासारखा सुळका दिसतो ना, त्याच्या पायथ्याशी. मी परेशला आधीच बजावलं की दगडातलं मला शिकवू नकोस. वीस वर्षं लोकांच्या ओट्यांना ग्रॅनाइट पुरवतोय. (आपल्याकडचा कातळ काळा, ग्रॅनाइट नव्हे, पण दगड तो दगड.) मग त्याने एकच ताकीद दिली: वरच्या टप्प्यात बाजूला आग्या मोहोळ आहे, म्हणून आवाज नको, अत्तर नको, विडी-सिगारेट तर अजिबात नको. मला रागच आला. उभ्या आयुष्यात विडीला हात लावला नाही मी!

चढायची पद्धत अशी. कातळाच्या फटीत लोखंडी मेख ठोकायची, तिला दोरीची शिडी अडकवायची, शिडीत उभं राहून वरची मेख ठोकायची. परेश पुढे, मी मधे, फुजैल मागे. पहिल्या टप्प्यात मी तिसऱ्या शिडीत पाय घातला आणि पाय शिवणयंत्रासारखा थडथडायला लागला. खाली बघू नका म्हणतात, म्हणून मी खाली बघितलं. आमची पांढरी गाडी चुन्याच्या डबीएवढी दिसत होती. दादा, खोटं कशाला सांगू, मी तिथे रडलो. वरून परेश म्हणाला, "काका, दोर माझ्या हातात आहे. घाई नाही." ओरडला नाही, हसला नाही. अर्धा तास तसाच बसून राहिला.

शेवटी कड्यातल्या पलंगाएवढ्या सपाट जागेवर, टप्पूवर, पोचलो. परेश पुढच्या टप्प्याला लागला, फुजैल मान वर करून त्याचा दोर धरून उभा, आणि मी पाठीमागे खिळ्याला बांधलेला. जिवंत पोचलो होतो, म्हणून हात जोडले, जे करायचं ते केलं. इतक्यात वर एक मेख बद्द वाजली. दादा, लादी टिचकी मारून घेतो मी, चिरलेला दगड कसा बोलतो ते मला कळतं. मी ओरडलो, "परेश, तिच्यावर उभा राहू नकोस!" त्याने नुसतं ओढून बघितलं आणि मेख फटीतून निघून हातात आली. तेव्हा तो माझ्याकडे बघून हसला. त्या क्षणी मी मनातल्या मनात त्याला साखरपुड्याचा नारळ दिला होता.

आणि त्याच क्षणी माश्या उठल्या.

आधी गाडी चालू झाल्यासारखी घरघर, मग सूर्य मळकट झाला. फुजैलने भराभर दोर सोडत परेशला खाली घेतलं. त्याचा चेहरा तोवर दिसतच नव्हता, नुसत्या माश्या. त्याने आधी माझ्या पाठीमागच्या फटीत हात घातला, (दोर तपासत असावा) मग दोराची मोठी पिशवी उलटी करून माझ्या डोक्यावरून कमरेपर्यंत ओढली आणि स्वतः माझ्यावर ओणवा झाला. आत अंधार. बाहेर तो एकसारखा सांगत होता, "काका, हलू नका. हात मारू नका. मी आहे." हळूहळू त्याचा आवाज जड होत गेला, जीभ सुजली असणार. पिशवीत मी सगळे देव आठवले आणि मनस्वीला काय सांगायचं हे मात्र आठवेना. पुढे मला स्वतःच्या पुढ्यात बांधून त्याने दोरावरून खाली आणलं. मला चार डंख, फुजैलला नऊ, परेशला एकतीस. पनवेलला दवाखान्यात नर्सने मोजून काढले.

काल तो घरी आला. एक डोळा अजून मिटलेला. म्हणाला, "काका, त्या माश्या विनाकारण उठत नाहीत. माझं काय चुकलं ते मला कळत नाही तोवर साखरपुड्याची तारीख धरू नका." चहाही न घेता गेला. मनस्वी तेव्हापासून खोलीत आहे. लहानांना आशीर्वाद.

आपला,
काळूराम

ता. क. परेशचं काही चुकलेलं नाही. टप्पूवर मी अगरबत्ती लावली होती. पाच काड्या, फटीत खोचून. आपल्यात नव्या ठिकाणी पाय ठेवला की लावतातच ना! देवाचा धूर तो धूर कसा, असं वाटलं मला. त्याने विडीचं सांगितलं होतं, अगरबत्तीचं नव्हतं.

ता. क. २. पुडा तुम्हीच नवरात्रात दिलेला. म्हणजे येत्या रविवारी येऊन "मीच लावायला सांगितली होती" असं तुम्ही परेशला म्हणालात तर ते फारसं खोटं होणार नाही. तुम्ही मामा, तुमच्यावर कोण रागावणार? माझ्या तोंडून निघत नाही हो. सासरा म्हणून उभं राहायचंय मला त्याच्यापुढे.

मामा, मी मनस्वी. पाकीट चिकटवायला बाबांनी माझ्याकडे दिलं आणि मी वाचलं. परेशला त्या रविवारीच कळलंय. त्या पाच काड्या त्यानेच फटीतून काढून खिशात घातल्या, फुजैललाही दिसू दिल्या नाहीत. मलासुद्धा काल सांगितलं. तो फक्त वाट बघतोय की बाबा स्वतः सांगतात का. म्हणतो, मी त्यांना दोरावर धरून बघितलं, आता त्यांनी मला धरावं. तेव्हा रविवारी नक्की या, बाबांच्या समोर बसा आणि एक शब्द बोलू नका. येताना अगरबत्ती आणू नका.