खालचा अर्धा राखाडी

२ डिसेंबर १९९७, जळगाव

नाक गेलं! माझं नाही, सभापतींचं.

धुळे ऑफिसातून फोनच्या लाइनीवरून, मी लिहिलेल्या प्रोग्रामने, कॉम्प्युटरवर फोटो आला. पाण्याच्या टाकीचं उद्घाटन. टोपी आली, कपाळ आलं, चष्मा आला, आणि नाकाच्या शेंड्यापासून खाली सगळं राखाडी. सपाट. फरशी बसवल्यासारखं.

नाना, म्हणजे आमचे मालक, संपादक आणि पेपरातली एकमेव हातवाली खुर्ची ज्यांची ते, पाठीशी उभे.

"रंजे, सभापतींना सिमेंटात पुरलंस का?"

मी म्हटलं, नाना, लाइन खराब आहे. लाइनीला बिचारीला तोंड नाही, तिच्यावर काहीही ढकलता येतं.

शेवटी जुनाच एक फोटो लावला. त्यात सभापती दहा वर्षांनी तरुण. खूश होतील.

३ डिसेंबर

लाइन नाही. मीच.

फोटो उलगडणारी लायब्ररी, म्हणजे तयार लिहिलेला प्रोग्राम, कॉम्प्युटर मासिकाबरोबरच्या सीडीतून घेतली आहे. ती परदेशी शहाण्यांनी लिहिलेली. तिला डेटा पुरवणारा तुकडा मात्र माझा. पंगतीसारखंच आहे: ती जेवते, मी वाढते. पात्र रिकामं झालं की ती विचारते, अजून आहे का? धुळ्याचा फोन रडतखडत चालतो. त्या क्षणी भांड्यात काही नसेल, तर माझा तुकडा सांगतो, संपलं! ती बिचारी सभ्य. बरं, म्हणते, उरलेला फोटो राखाडी रंगवते आणि हात धुते. आणि माझा प्रोग्राम? "फोटो पूर्ण" समजून फोन ठेवून देतो! तिकडे धुळे ऑफिसातल्या चुडामणभाऊंचं मशीन सभापतींचं तोंड हातात घेऊन उभं.

आधी सगळी फाइल उतरवून मग उघडली असती तर हे झालंच नसतं. पण नानांना फोटो येता येता दिसायला हवा. आलेल्या पाहुण्यांना दाखवतात — "पाहा, धुळ्याहून येतोय!" मलाही तेव्हा मोठी हौस आली होती.

"संपलं" आणि "थांबा, येतंय" यातला फरक मला कळला नाही. आई म्हणेल, स्वयंपाकघरात पाय ठेवला असतास तर कळला असता.

४ डिसेंबर

आता "थांबा" म्हणायला शिकवलं. लायब्ररी थांबते. शहाणी आहे, अर्धवट घास खाली ठेवते आणि पुन्हा तिथूनच सुरू करते.

पण नवा डेटा आला की सगळ्या चेहऱ्याच्या चिंध्या! कान हनुवटीपाशी. चुडामणभाऊंचाच फोटो चाचणीला घेतला होता. फोनवर विचारतात, "कसा आलो?"

म्हटलं, एकदम वेगळे.

५ डिसेंबर

आज फोटो आला तो कोणा मोठ्याचा नव्हता.

सोनगीरजवळ हायवेच्या कडेला एक माणूस बेशुद्ध सापडला. डोक्याला मार. आता शुद्धीवर आहे, दवाखान्यात आहे, पण नाव सांगत नाही, गाव सांगत नाही. बोलतच नाही म्हणतात. डॉक्टर म्हणाले, विसरला असेल, पेपरात द्या.

नव्या प्रोग्रामने चिंध्या, म्हणून जुनाच लावला. केस, पट्टी, भुवया, डोळे. डोळे फार शांत. मग राखाडी. पुन्हा लावला तर धुळ्याची लाइनच लागेना. पानं छपाईला सोडायची वेळ झाली.

नाना म्हणाले, "डोळे आहेत ना? ओळखणारा डोळ्यांवरून ओळखतो." खालचं कापलं आणि डोळ्यांची पट्टी छापली. खाली — ओळख पटल्यास आमच्या कार्यालयात संपर्क साधावा.

सभापतींसाठी जुना फोटो शोधायला तासभर गेला होता. याच्यासाठी कात्री. आणि मीही काही बोलले नाही.

६ डिसेंबर

कोणी आलं नाही. दोन फोन आले, दोन्ही कापसाच्या भावासाठी.

९ डिसेंबर

सापडलं!! चिंध्यांचं कारण सापडलं!

लायब्ररी अर्धवट घास खाली ठेवते, आणि मी नवं वाढताना तो घास फेकून देत होते! उरलेलं जपून पुढे सरकवायचं आणि नवं त्याच्यामागे वाढायचं, इतकंच. चार ओळी. आनंदाने ओरडले तर कंपोझिंगवाल्या लीलाधरला वाटलं शॉक बसला. लाकडी पट्टी घेऊन धावत आला.

धुळ्याची लाइन अजून मेलेली.

१२ डिसेंबर

सकाळी एक बाई आली. अमळनेरकडच्या खेड्यातली. सुगंधाबाई. चाळिशीची असेल. हातात आमच्या पेपरातली ती डोळ्यांची पट्टी, घडी घालून घालून मऊ झालेली.

"हाऊ मना नवरा शे."

नवरा झिपरू. सात वर्षांपूर्वी सुरतेला कामाला म्हणून गेला तो गेलाच. कागद नाही, पत्र नाही. "बठ्ठा गाव इचारस," ती म्हणाली, "उना का, उना का. सात वरीस." आला का, आला का, रोज तेच. आणि पिशवीतून जत्रेत काढलेला दोघांचा फोटो काढला. मागे रंगवलेलं विमान. त्यात झिपरू ताठ उभा, लांब हनुवटी, मधोमध खळगा, बोट बुडेल असा.

डोळे? असतील तेच. जत्रेतल्या फोटोत सगळ्यांचेच डोळे तसे असतात.

मी म्हटलं, अक्का, पूर्ण फोटो मागवते, खात्री होईल. लाइन नशिबाने लागली. चुडामणभाऊंनी लावला.

ती माझ्या शेजारी स्टुलावर. केस आले. पट्टी आली. डोळे — तिने पदर तोंडावर धरला. मग थांबलं. स्क्रीन तशीच. पूर्वी इथेच राखाडी झालं असतं. आता नाही झालं! थांबलं, थांबलं, आणि पुढची ओळ आली. नाक. नाना मागून "वा!" म्हणाले आणि लगेच त्यांना कोणीतरी फोनवर बोलावलं. बरं झालं.

कारण मग ओठ आले. मग हनुवटी.

गोल. गुळगुळीत. बशीसारखी.

सात वर्षांत माणूस जाडा होतो, टकला होतो, दारुडा होतो. हनुवटीचा खळगा बुजत नाही. मी तिच्याकडे पाहिलं. ती स्क्रीनकडे पाहत होती. मग जत्रेतला फोटो उचलला आणि पिशवीत तळाशी घातला.

"हाऊच शे."

"अक्का... हनुवटी..."

"हनवटीले काय करानं शे?"

तिनेच विचारलं, "त्याले लेवाले कोनी उनं का?"

"न्यायला? कोणीच नाही."

"मंग?"

बाहेर चहा मागवला. ती बशीत ओतून प्यायली. उठताना एवढंच म्हणाली, "त्याले काही सांगू नको." आणि धुळ्याच्या गाडीची चौकशी करत स्टँडकडे गेली.

आठवडाभर ज्याच्यासाठी डोकं फोडलं ते आज नीट चाललं, आणि मी देवाला म्हणत होते, राखाडीच राहू द्यायचं होतंस!

१३ डिसेंबर

चुडामणभाऊंचा फोन. स्वतः दवाखान्यात हजर होते. तो खाटेवर बसलेला. ती समोर उभी. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे. ना रडारड, ना काही. तिने पिशवीतून झिपरूचा सदरा काढून त्याच्या अंगावर चढवला. बाह्या मनगटाच्या वर चार बोटं.

नर्स हसली. ही म्हणे, "आटी गया." धुऊन आटला!

डॉक्टरांनी विचारलं, ही तुमची बायको का? त्याने होकाराची मान हलवली. तिने गावाहून बोलावलेले दोघे साक्षीला होते, त्यांनी म्हणे छताकडे पाहत सही केली.

भाऊ गहिवरले होते. "रंजना, तुझ्या मशीनने संसार जोडला!"

मी घाईने फोन ठेवला. भाऊंना वाटलं मीही गहिवरले.

१४ डिसेंबर

पान एक. तीन कॉलम. "सात वर्षांनी पती परतला!" सोबत पूर्ण चेहरा. केसांपासून हनुवटीपर्यंत. छपाईही नेमकी आज स्वच्छ.

नानांना सांगायला दोनदा केबिनपर्यंत गेले. पहिल्यांदा ते पेढे वाटत होते. दुसऱ्यांदा मी दारातूनच फिरले. काय सांगू? बातमी खोटी आहे? मग त्या माणसाला पुन्हा खाटेवर ठेवा आणि तिला पुन्हा स्टँडवर?

आणि उद्या खरा झिपरू सुरतेहून उतरला तर? आला तर त्याला सांगेन, भाऊ, सात वर्षं लाइन का तोडलीस, ते आधी सांग.

लिहायला सोपं. झोप नाही नीट.

१५ डिसेंबर

सभापतींचा फोन. त्यांनाही पूर्ण चेहऱ्याचा फोटो हवा आहे. तीन कॉलम.

२८ डिसेंबर

नानांना "नव्या संसाराची" बातमी हवी, म्हणून मला त्या खेड्यात पिटाळलं. मला जायचं नव्हतं. पण ते दोघे कसे आहेत हेही पाहायचं होतं.

सुगंधाबाई अंगणात कापूस पसरत होती. मला पाहून चेहरा एकदम घट्ट झाला. मी म्हटलं, फक्त एक फोटो, अक्का. मग मोकळी झाली. भाकरी वाढली, वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल. त्याला म्हणाली, "पावनीले पानी दे." त्याने तांब्या आणून दिला. अंगात नवा सदरा, मापाचा. बोलत नाही अजून. पण तिने काही म्हणायच्या आत उठतो, टोपली पुढे करतो. शेजारीण कुंपणावरून ओरडली, "काय झिपरूभाऊ, कसं शे?" त्याने हात वर केला. सुगंधाबाई दुसरीकडे पाहून हसली. तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. दात पडलाय एक.

फोटो काढला. दोघांच्या मागे विमान नाही, तूरकाठ्यांची गंजी.

२८ डिसेंबर, घरी आल्यावर

मघाशी गाडीत वही उघडली तेव्हा हे लिहिलं नाही. लिहावं की नाही कळत नव्हतं.

तो मला एस.टी.पर्यंत पोचवायला आला. वाटभर गप्प. गाडी दिसली तेव्हा बोलला. बोली अमळनेरकडची नाहीच, आमच्या जळगावकडची.

"ताई, मले सगळं आठवते. पहिल्या दिवसापासून. माह्यं नाव भिकन. नशिराबादचा. दोन भाऊ आहेत तिठी, तुमचा पेपर घेतात. अर्धा चेहरा छापला तवा मी म्हटलं, अर्ध्यावरून कोन वयखीन. मंग तुमी पुरा छापला. पंधरा दिवस झाले, कोनी आलं नाही."