रशियन लोकांचा इतिहास, ओझर आवृत्ती

वॉन (कॅनडा), ११ जानेवारी २०२६

ती. नंदूमामांस, यामिनीचा सा. न. वि. वि.

फोनवर बोललेलं हवेत विरतं, म्हणून पत्र हातानेच लिहायचं आणि त्याचा फोटो पाठवायचा, हा तुमचा नियम पाळते आहे. थंडीने बोटं आखडली आहेत, अक्षराला हसू नका.

माझं बरं चाललंय. वेअरहाऊसमध्ये आता डिस्पॅचला बसवलंय, पीआरसाठी, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, अप्लायही केलंय. बेसमेंट उबदार आहे. फक्त घरमालकीण रुसली आहे. वरच्या मजल्यावर त्या एकट्याच राहतात. रशियात व्होरोनेझला चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवायच्या. मी आले त्या दिवशी त्यांच्याकडच्या स्वागताच्या रीतीप्रमाणे दारात पाव आणि मीठ घेऊन उभ्या होत्या. मी लाडाने त्यांना 'गालिना आंटी' म्हणाले. तेव्हापासून हवामानापलीकडे बोलत नाहीत. मी दारातला बर्फ फावड्याने काढला, साबुदाण्याची खिचडी नेऊन दिली. डबा लख्ख घासून परत आला, पण शब्द नाही. तुम्ही ओझरच्या मिग विमानांच्या कारखान्यात रशियन इंजिनियरांबरोबर उमेदीची वर्षं काढलीत. माझं काय चुकलं ते तुम्हीच सांगा.

मामींना नमस्कार. रागवायचं असेल तर मोठ्या अक्षरात रागवा, म्हणजे फोटोत नीट दिसेल.

तुमची,
यामिनी

ओझर, १३ जानेवारी

चि. यामिनीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

अगं, चौतीस वर्षं अख्खा वर्ग उभा राहून ज्या नावाने नमस्कार करायचा, ते तू अर्धं कापलंस आणि वर आंटी चिकटवलंस. रशियन माणूस वडीलधाऱ्याला नाव आणि वडिलांचं नाव जोडून हाक मारतो. आपण वडिलांचं नाव शाळेच्या दाखल्यावर लावतो, ते लोक हाकेत लावतात. त्यांच्या वडिलांचं नाव विचार. पावेल असेल तर त्या गालिना पाव्हलोव्हना. एकदा तसं म्हणून बघ.

कारखान्यात मला ते नंदकुमार रघुनाथोविच म्हणत. हाक आली की पाठ आपोआप ताठ व्हायची. पुढे त्यांचा देश मोडला, माणसं परत गेली आणि ते नावही बंद पडलं. तुझ्या मामीला एकदा सांगितलं होतं की मला तसं म्हणून बघ. ती म्हणाली, आधी दळण आणा.

कानटोपी घालत जा. मायेत अंतर पडू देऊ नये.

तुझा,
नंदूमामा

वॉन, १ फेब्रुवारी

ती. मामांस, सा. न. वि. वि.

तुमचा उपाय लागू पडला. शेजारी चौकशी केली, तर वडील खरंच पावेल निघाले. मी जिन्यातूनच 'गालिना पाव्हलोव्हना' म्हणाले, तर त्या कठड्याला धरून थांबल्या. मग माझ्या बाबांचं नाव विचारलं. आता मी या घरात यामिनी शिवाजिएव्हना आहे, आणि रोज संध्याकाळी वर जाऊन चहा पिते. शिवाजीरावांना सांगा, तुमचं नाव कॅनडात गाजतंय.

पण आता एक गळ घालायची आहे. त्यांनी चार वर्षं खपून एक वही लिहिली आहे, रशियन लोकांचा इतिहास. राजांचा नाही, लोकांचा. ती आर्त्योमसाठी आहे. तो त्यांचा एकुलता एक नातू, चोवीस वर्षांचा, किचनर शहरात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यांची मुलगी गेली, आता त्याच्याखेरीज त्यांना कुणी नाही. तो तीन वर्षांचा असताना इथे आला, त्यामुळे रशियन वाचता येत नाही. भेटायला येतो, आजीच्या गालाचा पापा घेतो आणि फोन बघत बसतो. २१ मार्चला त्या ऐंशी वर्षांच्या होतील. त्या दिवशी त्याने ही वही वाचलेली असावी, एवढीच त्यांची इच्छा आहे. फोनमधल्या भाषांतराला त्यांचं हाताचं अक्षर लागत नाही. त्या म्हणाल्या, मी गेल्यावर तो ही वही जपून ठेवील आणि कधीच उघडणार नाही.

बेचाळीस पानं आहेत. इंग्रजी कराल का? फोटो सोबत पाठवते आहे. नाही म्हणालात तरी राग नाही, पण नाही म्हणू नका.

तुमची,
यामिनी

ओझर, ८ मार्च

चि. यामिनीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

काम पुरं झालं. शेजारच्या प्रणवने टाइप करून दिलं, आज मेल केलंय. महिनाभर जेवणाच्या टेबलावर शब्दकोश होते आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. तुझी मामी म्हणते, त्या बाईंच्या इतिहासात आमचा भूगोल गेला.

बाईंनी काय लिहिलंय गं. नोव्हगोरोदच्या चिखलात सापडलेली, झाडाच्या सालीवर कोरलेली सहाशे ते नऊशे वर्षांपूर्वीची साध्या माणसांची पत्रं त्यांनी दिली आहेत. त्यात एक नवरा बायकोला लिहितो की शर्ट घरी विसरलो, पाठवून दे. हे वाचल्यावर मामी माझ्याकडे बघत राहिली.

शेवटचं, युक्रेनच्या युद्धाचं पान कोरं आहे. समासात बारीक लिहिलंय की माझा नवरा खारकिव्हचा, हे पान चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. तिथे मी आपल्या पद्धतीने एक ओळ घातली आहे.

खरं सांगू का, मला भीती वाटते. माझं रशियन विमानाच्या मॅन्युअलवर वाढलेलं. कथा-कादंबऱ्यांचं रशियन मला कधी आलंच नाही. बाईंचं हसं होऊ नये, एवढं बघ.

तुझा,
नंदूमामा

वॉन, २२ मार्च

ती. मामांस, साष्टांग नमस्कार, आणि या वेळी खरोखरचा.

आधी कबुली देते. डबल शिफ्ट चालू होत्या, म्हणून तुमचं भाषांतर न वाचताच आर्त्योमला फॉरवर्ड केलं होतं. काल, वाढदिवसाच्या सकाळी, पहिल्यांदा उघडलं. मामा, तुम्ही इतिहासाचं मॅन्युअल केलंत. 'इशारा: १२३७ साली मंगोल घोडेस्वार आत शिरले. त्याआधी राजपुत्रांचे आपसातले सांधे ढिले झाले होते. तपासणी केलेली नव्हती.' मला वाटलं, संपलं सगळं. त्यांच्या चार वर्षांच्या कष्टांचा मी विचका केला होता.

दुपारी आर्त्योम आला. हातात छापलेला गठ्ठा, आणि पानापानावर पेनने प्रश्न. तो दिवसभर मॅन्युअलंच वाचतो, मामा. एका बैठकीत संपवलं म्हणाला, आणि जेवणाआधी उभा राहून वाचायला लागला. मंगोलांपाशी आम्ही तिघंही हसलो, गालिना पाव्हलोव्हना सर्वांत जास्त. मग १८६१ आलं. 'भूदासांना मोकळे करा. मोकळे केल्यावर पुरेशी जमीन द्या. ही पायरी पूर्ण झाली नाही.' कुणी हसलं नाही. लेनिनग्राडच्या वेढ्यापाशी आला. 'इंधन संपले. पाव दिवसाला एकशे पंचवीस ग्रॅम. यंत्र चालू राहिले. कारण अज्ञात.' तिथे त्याने गठ्ठा खाली ठेवला. त्याने आजीकडे बघून विचारलं की कारण काय होतं.

मामा, या मुलाने त्यांना विचारलेला तो पहिला प्रश्न. त्या उठल्या, वर्गात उभ्या राहाव्यात तशा खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या, आणि दोन तास शिकवलं. बोर्श्ट, म्हणजे त्यांचं बिटाचं सूप, दोनदा गरम करावं लागलं. शेवटच्या पानावरची तुमची ओळ, 'हे पान वापरणाऱ्याने स्वतः भरावे', त्याने दोनदा वाचली. भरीन म्हणाला, पण आजीला विचारून. आता दर शनिवारी येणार आहे. जाताना फोन सोफ्यावर विसरून गेला.

मी भांडी घासता घासता पोटभर रडले, आनंदाने. सोबत त्यांनी तुम्हाला लिहिलेल्या पत्राचा फोटो आहे. मला त्यातलं अक्षरही कळत नाही.

तुमची,
यामिनी शिवाजिएव्हना

ओझर, २४ मार्च

चि. यामिनीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्राची पहिली ओळ वाचली आणि खुर्चीत सरळ बसलो. पस्तीस वर्षांनी कुणीतरी मला त्या नावाने हाक मारली होती. पुढचं वाचायला वेळ लागला, चष्मा सारखा पुसावा लागत होता. त्या लिहितात की तुमच्या भाषांतरात एकही शब्द सुंदर नाही आणि एकही खोटा नाही. मला विमान पास झाल्यासारखं वाटलं.

मामीने सगळं पत्र माझ्याकडून मराठीत करून घेतलं. संध्याकाळी चहा घेऊन आली आणि त्याच रशियन नावाने हाक मारून म्हणाली की चहा घ्या. अजिबात हसली नाही. मी उभा राहून कप घेतला.

बाईंना सांग, शनिवारी नातू जे पान भरेल ते इकडे पाठवा, मराठी करून ठेवतो. माया आहेच, ती अशीच चालू राहावी. कारण ज्ञात आहे.

तुझा मामा,
नंदकुमार रघुनाथोविच