सात वाजून एक्केचाळीस मिनिटांनी सोडलेला कोपरा

ऑटर फोर्ड, आयोवा
शनिवार, २१ फेब्रुवारी

प्रिय क्लेमदादा,

सोमवार, नऊ फेब्रुवारी, संध्याकाळी सात वाजून एक्केचाळीस मिनिटं. ही वेळ मी शाळेच्या जेवणघरातल्या घड्याळावरून घेतली आहे. ते दोन मिनिटं पुढे असतं हे मला ठाऊक असल्यामुळे मी दोन मिनिटं वजाही केली आहेत, तेव्हा वेळेवरून वाद घालू नकोस. त्या क्षणी तू काय केलंस ते पुढे येईलच. पण आधी रीतीप्रमाणे खुशाली विचारते, कारण आपण दोघंही सिस्टर पर्पेतुआच्या हाताखालून गेलो आहोत आणि भांडणाच्या पत्रातसुद्धा पहिल्यांदा समोरच्याची प्रकृती विचारायची असते हे तिनं आपल्याला पट्टीचा उपयोग करून शिकवलं आहे. तर, गुडघे कसे आहेत? डाव्याची मला मनापासून काळजी वाटते. उजव्याची वाटत नाही, कारण तो किती झपाझप चालतो ते त्या संध्याकाळी मी धरून ब्याण्णव माणसांनी पाहिलं. रक्तदाबाची गोळी घेतोस ना? कुत्र्याचा कान बरा आहे का? मी छान आहे. माझं वय त्र्याहत्तर, दात माझे स्वतःचे आणि स्मरणशक्ती तुझ्या दुर्दैवानं शाबूत.

(हे पत्र मी रस्ता ओलांडून तुझ्या पेटीत टाकू शकले असते, हे मला कळतं. पण जिल्ह्याच्या जमीन नोंदणी कार्यालयात चौतीस वर्षं काढल्यावर तारखेचा शिक्का नसलेल्या कागदावर माझा विश्वास बसत नाही. म्हणून तिकीट लावलं. पोस्टातला इसम म्हणाला, “बाई, हे तर तुमच्या समोरचंच घर.” मी म्हटलं, “ते समोर आहे की विरोधात, ते अजून ठरायचंय.”)

आता मुद्दा. दुसऱ्या दिवशी फोनवर तू म्हणालास की तुला नियम नीट कळला नव्हता. क्लेमदादा, तू डुकरं पाळायचास तेव्हापासून आपण दोघं प्रत्येक कॉकसला शेजारी शेजारी उभे राहत आलो आहोत. पक्षानं राष्ट्राध्यक्षपदासाठी कुणाला उभं करावं हे ठरवायला बाकीचा देश चिठ्ठी टाकतो, गुपचूप घरी जातो आणि बायकोलाही खरं सांगत नाही. आपण मात्र भर हिवाळ्यात जेवणघरात जमतो, आपापल्या उमेदवाराचा कागद जिथे चिकटवलेला असेल त्या कोपऱ्यात सगळ्या गावादेखत जाऊन उभे राहतो, आणि मग कोणीतरी आपल्याला मेंढरांसारखं मोजतं. ज्या कोपऱ्यात शंभरातले पंधरासुद्धा नाहीत तो कोपरा बाद. पहिल्या मोजणीनंतर अर्धा तास मोकळा मिळतो, त्यात ज्याला जिथे जायचं तिथे जाता येतं, आणि मग शेवटची मोजणी. यात न कळण्यासारखं काय आहे? एवढं तर डुकरांनाही कळत असे.

त्या दिवशी आपण त्र्याण्णव जण होतो. अध्यक्ष म्हणून गेलन टॉफ्ट खुर्चीवर चढला (त्याला शाळेत शेतीच शिकवू द्यायला हवी होती, गणितापर्यंत येऊ द्यायला नको होतं) आणि म्हणाला, “मंडळी, पंधरा टक्के म्हणजे तेरा पूर्णांक पंच्याण्णव शतांश माणसं. एवढा अपुरा माणूस आपल्याकडे नसल्यामुळे चौदा धरू.” त्यावर मागून एक बाई म्हणाली, “अपुरा हवा असेल तर आमचा हा घ्या,” आणि तिच्या नवऱ्यानं खरोखर हात वर केला. दुधाच्या फ्रीजजवळच्या आपल्या कोपऱ्यात, गव्हर्नर ट्रास्क यांच्या नावाखाली, आपण बरोबर चौदा भरलो. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. मी दोनदा मोजलं. माझ्या उजव्या हाताला तू होतास.

गव्हर्नर ट्रास्क म्हणजे कोणी देवमाणूस नव्हे, हे मी आधीच मान्य करते. ऑगस्टमध्ये ते आपल्या जत्रेत आले, काडीवरचं सॉसेज फोटोपुरतं चावलं, उरलेलं मदतनिसाच्या हातात दिलं आणि मला “ओलिव्हिया” म्हणून हाक मारून निघून गेले. माझं नाव ओटिलिया आहे हे मी त्यांना पत्रानं कळवलं. उत्तर “प्रिय ओलिव्हिया” असं आलं. पण त्यांच्याकडे निदान एक मत होतं आणि ते सकाळी होतं तेच संध्याकाळीही असे. सिनेटर मॅडॉक यांचं तसं नाही. त्यांचं बोलणं पूर्वेकडच्या गावात एक, पश्चिमेकडच्या गावात दुसरं आणि मधल्या पेट्रोल पंपावर तिसरं. अशा माणसाच्या कोपऱ्याची पुढारी व्हेरोना टॉर्गर्सन असावी यात मला नवल वाटलं नाही. गेल्या चार कॉकसांत ती बाई चार कोपऱ्यांत उभी राहिली आहे. लुथेरन लोकांना एकदा आपलं कॅथलिक चर्च सोडून जायची सवय लागली की पुढे काही धरबंध राहत नाही.

तर, अर्धा तास सुरू झाला आणि लोक हलू लागले. ते कशासाठी हलतात हे मी इतकी वर्षं बघते आहे. टीव्हीवरची माणसं म्हणतात की मतदार धोरणांची तुलना करतो. आपल्या जेवणघरात बाद झालेल्या कोपऱ्यातली तीन माणसं मॅडॉककडे गेली, कारण त्या भिंतीला हीटर आहे. एक जोडपं वेगवेगळ्या कोपऱ्यांत होतं. ते एकत्र आलं, कारण गाडीची किल्ली एकाच्याच खिशात होती. एक गृहस्थ पलीकडे गेले ते, तिथल्या शेजाऱ्यानं मार्चपर्यंत त्यांच्या दारातला बर्फ काढून द्यायचं कबूल केलं म्हणून. आणि डॉक्टर अँब्रोस हाउप्ट, आपला गुरांचा डॉक्टर, नेहमीप्रमाणे “अजून ठरलेलं नाही” या कागदाखाली एकटा उभा राहून मजा घेत होता. बिचारा बिनलग्नाचा. वर्षभर त्याच्याशी कोणी बोललं तर गाईच्या पोटाबद्दल बोलतं. चार वर्षांतून एकदा दोन कोपऱ्यांतल्या बायका त्याच्या बाहीला धरून गोड बोलतात, तो ती संधी का सोडेल? मी त्याच्याकडे गेले, गव्हर्नरांच्या मक्याच्या धोरणाबद्दल सहा मिनिटं बोलले. तो म्हणाला, “ओटिलियाबाई, तुम्ही रागावलात की जास्त पटतं.” त्याचं पुढे काय झालं ते या पत्राच्या मुद्द्यात बसत नाही.

मी वळले तर तू नाहीस. तू कोपरे आखणारी जमिनीवरची निळी चिकटपट्टी ओलांडत होतास. मी हाक मारली, “क्लेमेन्स!” (पूर्ण नावानं, तीही सिस्टर पर्पेतुआच्या आवाजात; दोन अनोळखी माणसंसुद्धा ताठ उभी राहिली.) तू मागे न बघता म्हणालास, “गुडघे गं, ओटी. तिकडे खुर्च्या आहेत.” खुर्च्या होत्या, हे खरं. मॅडॉकवाल्यांनी घरून घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या, वर उशासुद्धा. पण मी जे पाहिलं ते सांगते. सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. एकीवर व्हेरोनाची पर्स होती. तू जवळ आलास तशी तिनं ती पर्स उचलून मांडीवर घेतली, आणि तू टोपी काढलीस. क्लेमदादा, तू बिशपसमोर टोपी काढली नव्हतीस. खुर्चीसाठी माणूस टोपी काढत नाही. तुझ्या हातात तिनं डबा दिला, त्यात त्या स्कॉचरू वड्या होत्या (शेंगदाण्याचं लोणी, कुरमुरे आणि वर बोटभर चॉकलेट, डॉक्टरांनी तुला मनाई केलेलं सगळं एकाच तुकड्यात), आणि तू ट्रास्कचा बिल्ला काढून खिशात टाकलास. वेळ वर दिली आहे.

शेवटच्या मोजणीत आपल्या कोपऱ्यात तेरा भरले. हवे होते चौदा. एका माणसासाठी गव्हर्नर ट्रास्क ऑटर फोर्डमध्ये बाद झाले. गेलननं भिंतीवरचा कागद काढताना तो फाडला. आणि त्यानंतर दोन मंगळवार गेले, दहा तारीख आणि सतरा तारीख, आणि तू पत्ते खेळायला आला नाहीस. वहिनी गेल्यापासून चार वर्षं तू, मी आणि अँब्रोस, तिघंच यूकर खेळतो, अल्विनावहिनीच्या खुर्चीसमोर पत्ते वाटतो आणि ते पालथेच ठेवतो. या दोन मंगळवारी अँब्रोसही आला नाही (“तुमचं मिटलं की बोलवा,” असं मला दुकानात सांगून गेला), आणि मी एकटीनं चौघांचे पत्ते वाटले. एकटीनं यूकर खेळता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला. दोन्ही बाजूंनी मीच लबाडी केली.

एवढी वर्षं ज्या माणसाच्या शेजारी उभी राहिले तो माणूस न सांगता पट्टी ओलांडून का गेला, याचा मला लेखी खुलासा हवा आहे. गुडघ्यांचा उल्लेख केलेला खुलासा स्वीकारला जाणार नाही. शाई निळी किंवा काळी, कागदाची एकच बाजू, खाली पूर्ण सही. मुदत मंगळवार, चोवीस फेब्रुवारी, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत.

तुझी (अजून तरी) बहीण,
ओटिलिया मारी डेमेर

ता. क. त्या दिवशी फोनवर तू म्हणालास, “पण ओटी, तो चौदावा...” आणि मी फोन ठेवला. तू काय म्हणणार होतास ते मला माहीत होतं. तुला लिहायचा त्रास नको आणि तुझं अक्षर वाचायचा मला नको, म्हणून मीच लिहून टाकते. डॉक्टर हाउप्ट सात पन्नासला आपल्या कोपऱ्यात आला. तुझी जागा भरली. म्हणजे पुन्हा चौदा झाले. म्हणजे कमी पडलेला माणूस तू नव्हेस.

आणखी एक ता. क. मी तुला परत आणायला तिकडे आले होते, एवढं तरी मान्य कर. दोन मिनिटांचं काम होतं. पण मी तुला बोलायला सुरुवात केली आणि त्या बाईनं दुसऱ्या खुर्चीवरचा स्वतःचा कोट उचलला आणि म्हणाली, “बसून रागवा ना.” असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मी बसले. बसल्यावर वडी हातात आली. हातात आली ती तोंडात गेली, आणि तेवढ्यात गेलन ओरडला, “वेळ संपली, जो जिथे आहे तिथेच!” मोजत मोजत माझ्यापाशी आला, थबकला, म्हणाला, “ओटिलियाबाई? तुम्ही इकडे?” ते शेंगदाण्याचं लोणी टाळूला असं चिकटलं होतं की मला “नाही” म्हणता येईना. मी जोरात मान हलवली. ती आडवी होती असं माझं म्हणणं आहे, उभी होती असं गेलनचं. तू तिथे शेजारी बसून हसत होतास. दूध आणून द्यायचं तुला सुचलं नाही.

तिसरा ता. क. मॅडॉकवाल्यांना जिल्ह्याच्या अधिवेशनाला प्रतिनिधी पाठवायचे होते आणि कोणीच तयार होईना, हे तू पाहिलंस. व्हेरोनानं उभं राहून माझं नाव सुचवलं. म्हणाली, “हिनं चौतीस वर्षं या जिल्ह्याची जमीन लिहून ठेवली, एक बांध इकडचा तिकडे झाला नाही.” तोवर माझं तोंड मोकळं झालं होतं आणि मला नाही म्हणता आलं असतं. मी निवृत्त झाले तेव्हा कार्यालयानं केक आणला होता, त्यावर माझं नाव ओ-टि-ला असं लिहिलं होतं. मी हो म्हटलं. त्यामुळे तेरा मार्चला, शनिवारी सकाळी आठ वाजता, ज्या माणसाचं एकही वाक्य मला पटत नाही त्याच्या वतीनं मला जिल्ह्याच्या गावी जायचं आहे, आणि बर्फात गाडी चालवायची मी सोडली आहे. तुझी गाडी तीन माणसांना पुरते. मी मागे बसेन. पुढे कोण बसणार ते मी विचारत नाही.

आणि शेवटचं. दोन्ही मंगळवारी मी व्हरांड्यातला दिवा लावला नव्हता, आणि दिवा नसला की तू येत नाहीस. तेव्हा ते दोन मंगळवार माझ्या नावावर टाक. या मंगळवारी तो साडेचारला लागेल. अँब्रोसला मी सांगते. वहिनीची खुर्ची मी पुसून ठेवली आहे. तिच्यावर मी माझी पर्स ठेवेन, आणि कोणी आलं तर उचलेन. लेखी उत्तर तरीही हवं आहे, हातात घेऊन ये. पाचची मुदत एका मिनिटानंही वाढणार नाही, कारण बुधवार राखेचा, आपले उपवास सुरू होण्याचा आहे आणि त्या दिवसापासून ईस्टरपर्यंत मी गोड सोडते. हे तुला माहीत आहे. लुथेरन बाईला माहीत नसेल. तिला सांग, आणि डबा मोठा आणायला सांग.