न घेतलेलं नाव

कार्तिक वद्य २, शके १८५९

गोजरबाई आज पुन्हा आली. हे जाऊन महिना झाला, तेव्हापासून ही बाई आमचं घर सोडत नाही. हाकाऱ्यांचं नाव गावात कुणी मोठ्यानं काढत नाही — मेलेल्यांना हाक मारून परत आणणारी मंडळी ती. मला वाटायचं, पोरांना भेवडवायच्या गोष्टी. आणि त्यांच्यातलीच एक माझ्या चुलीपाशी बसून मला समजावते!

"आईची हाक चालत न्हाई. तिनं जलमभर नाव घेतलेलं असतं. ज्या तोंडानं कधीच नाव घेतलं न्हाई, त्या तोंडानं तीनदा घ्यावं लागतं."

म्हणजे बायकोनं. म्हणजे मी. मी म्हणाले, जमायचं नाही.

वद्य ३

ह्यांचा ताप डोक्यात गेला तेव्हा गाव हळहळलं. मी दारामागे उभी राहून पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. दंडावर ह्यांनी टेकवलेल्या उलथन्याचा डाग अजून काळा आहे. हे परत आले तर? नुसत्या विचारानं परातीतलं पीठ सांडलं. नाव तोंडानं नाहीच, इथे वहीतही लिहायची नाही मी.

वद्य ५

सासूबाई रडत बसल्या होत्या. एकुलता एक लेक, कळतं मला. तरी मी दंडावरचा डाग पुढे केला. त्यांनी पदर सारून आपली पाठच दाखवली.

"ह्ये त्याच्या बापाचं. डाव्या पायाचा अंगठा कुऱ्हाडीनं गेल्ता त्याचा. तसलं पाऊल अंगणात वाजलं की मी कणगीमागं लपायची. सोसलंच ना मी? मंग तुला काय झालं?"

मामंजींना मी पाहिलेलं नाही, माझ्या लग्नाआधीच ते गेले. बरंच झालं म्हणायचं.

वद्य ८

गोजरबाई तीन दिवस फिरकली नाही. ती येते त्यापेक्षा हेच जास्त वाईट वाटतं.

वद्य १०

सासूबाई एकाएकी गोड झाल्या. "रान तुझ्या नावावर करून टाकू. अंबडच्या कचेरीत तुला मात्र यावं लागंल." रान मिळालं तर माझ्या एकटीचा जन्म निघेल. आज छकड्यातून गेलो.

बाजारामागच्या बोळात एक खोली. गादी, दौत, टोपीवाला मुन्शी — बस्स, एवढंच. मी कधी कचेरी पाहिली आहे की मला कळावं?

"मरनेवाले का पूरा नाम बोलो. बाप के नाम के साथ."

मी सासूबाईंकडे पाहिलं. असल्या वेळी नेहमी दुसरंच कुणी सांगतं. मुन्शी म्हणाला, "बेवा के मुँह से होना." विधवेच्याच तोंडून, म्हणजे माझ्याच.

दिवसाढवळ्या, सरकारचा माणूस समोर, भ्यायचं काय? मान खाली घालून पुटपुटले. ह्यांचं नाव, मामंजींचं नाव, आडनाव.

"जोर से बोलो. ऊँचा सुनता मैं."

कानानं अधू असेल म्हणून पुन्हा सांगितलं. आणखी एकदा.

छकडं गावाच्या वाटेला लागलं तेव्हा सासूबाई गालात हसत होत्या. मग माझ्या ध्यानात आलं, मी नाव किती वेळा घेतलं ते. जीभ उपटून टाकावीशी वाटली.

वद्य ११

गोजरबाईच्या ओट्यावर तोच मुन्शी भाकरी खात होता. टोपी नव्हती. ती त्याच्याशी अगदी हळू बोलत होती, आणि त्याला सगळं बराबर ऐकू येत होतं.

वद्य १२

शेजारच्या कडूबाला म्हटलं, भाऊ, मला जालन्याला माहेरी सोडा. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "वैनी, हाकाऱ्यांच्या भानगडीत मी न्हाई पडत. मला लेकरं हायत."

सासूबाई उंबऱ्यात ज्वारीचं पीठ पसरत होत्या. येणाऱ्याचं पाऊल त्यात उमटतं म्हणे. "त्याला बाजरीची भाकर लागती, आन् ठेचा. जल्दी कर!" मी ठेचा वाटला. तिखट डोळ्यात गेलं. तेवढंच रडायला निमित्त.

वद्य १४

सकाळी सासूबाई हरखून दाराकडे धावल्या आणि तिथेच मटकन बसल्या.

पिठात पावलं होती. आत येणारी, पण घरात कुणी दिसेना. मागची ह्यांची, रुंद, मी ओळखते. त्यांच्यापुढे आणखी एक जोडी. तिच्यातल्या डाव्या पावलाला अंगठा नव्हता.

"बापाचं बी नाव घेतलंस तू," सासूबाई एवढंच म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटलाच नाही. त्या खोट्या कचेरीत शेजारीच बसून होत्या, तिन्ही वेळा ऐकलं. त्यांच्या कानांना फक्त लेकाचंच नाव हवं होतं.

अमावास्या

हे कणगीमागून लिहिते आहे. अंगणात पाऊल वाजतं आहे — एक नीट, एक फरफटत. सासूबाई माझ्याआधीच इथे येऊन बसल्या होत्या. अंग चोरून भिंतीकडे सरकल्या आणि मला जागा करून दिली.