मला फियाका झाला तो रविवार

तीर्थरूप एल्बिरामावशीस,

नेरेओकडून दोन्ही गालांवर दोन पापे आणि लवून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? रोसारिओची थंडी अजून हटली नसेल, तर त्याला लोकरीत गुंडाळून ठेव. मी समुद्र ओलांडून तेरुएलकडच्या या खेड्यात इनेसच्या आईवडिलांकडे सुखरूप पोचलो. सुखरूप एवढं फक्त पोचणंच झालं.

गेल्या रविवारी इनेस लग्नाचा झगा अंगावर घालून बघायला शिंपीण मैत्रिणीकडे गेली आणि मला होणाऱ्या सासूबाईंच्या, कसिल्दाबाईंच्या, हवाली करून गेली. उजाडतं न उजाडतं तोच बाईंनी दार ठोठावलं. "उठा जावईबापू, बदाम झोडायला चला!" मी पांघरुणातूनच, आपल्या घरी म्हणतो तसं, म्हणालो, "मला फियाका झालाय." आपल्याकडे शेंबडं पोरही ओळखतं, की याला हातपाय हलवायचा आळस आलाय. पण भाषा एकच असूनही बाईंनी हा शब्द जन्मात ऐकलेला नव्हता. त्यांना वाटलं, समुद्रापलीकडचा रोग! क्षणात अंगावर चार घोंगड्या पडल्या आणि लसणाचं सूप आलं. (मी खुलासा करणार होतो, पण तोंड उघडलं की चमचा आत.) मग डॉक्टरीणबाईंना फोन गेला.

या उर्दानेताबाई मूळच्या व्हेनेझुएलाच्या. रविवारी आसपासची सगळी खेडी एकट्या सांभाळतात. माझी जीभ पाहिली, छाती ठोकली, काही सापडेना, तेव्हा कातावून स्वतःशीच म्हणाल्या, "काय लादिया आहे!" त्यांच्या देशात याचा अर्थ, काय वैताग आहे. पण मावशी, इथे लादिया म्हणजे ऊ, आणि तीही डोक्यातली नव्हे! दारात उभ्या कसिल्दाबाईंच्या हातातला वाडगा खळ्ळकन फुटला.

पुढचं लिहायला लाज वाटते. गादी अंगणात, माझ्या बॅगेतलं झाडून सगळं उकळत्या हंड्यात, आणि मी सासऱ्यांचा जुना गाऊन घालून ओट्यावर. बाई मला डोक्यापासून व्हिनेगर चोळतायत, दुसऱ्या हातात मेंढ्या भादरायची कात्री! गलका ऐकून डॉक्टरीणबाई शेजारचा रोगी सोडून धावत आल्या. "अहो थांबा, ऊ नाही! मी कंटाळून बोलले! आणि याचा फियाका म्हणजे आमची फ्लोहेरा. आळस हो बाई, शुद्ध आळस!"

कात्री थांबली. मला वाटलं, सुटलो. पण बाईंचा चेहरा दगडासारखा झाला. "आजारी जावई मी पोसला असता," त्या म्हणाल्या. "आळशी नाही. इनेस येऊ दे, त्या झग्याचे मी पडदे शिवते."

मावशी, मी गयावया करायला तोंड उघडलं. तेवढ्यात अंजिराच्या झाडाखाली पडलेले सासरे, अनसेल्मोराव, डोळ्यांवरची टोपी न काढताच म्हणाले, "आळस होय? म्हणजे आपली गालबाना! अगं, मला तर लग्नाच्या दिवशीच आली होती. चर्चला उशीर झाला तो काही खेचर लंगडलं म्हणून नव्हे."

"काय?" बाई किंचाळल्या. "त्या खेचराला मी मरेपर्यंत साखर चारली!"

"त्यालाही तेच कळेना, एवढं कौतुक कशाचं!"

व्हिनेगरचा बोळा सुटला तो थेट सासऱ्यांच्या नाकावर. आणि मग बाई हसायला लागल्या, त्या काही केल्या थांबेनात. डोळे पुसत मला म्हणाल्या, "ऊठ. याचं औषध झाडावर आहे." मी गाऊनमध्येच बदाम झोडले, खांदे निखळेपर्यंत झोडले. डॉक्टरीणबाई जेवायला राहिल्या आणि त्यांनी आपल्या देशातली आळसाची जेवढी नावं सासऱ्यांना शिकवली, तेवढ्यांचा सासऱ्यांनी पडल्यापडल्या सराव केला. संध्याकाळी इनेस आली, माझा वास घेऊन म्हणाली, "आई, याला सॅलडमध्ये घातलंस का गं?"

तर लग्न ठरल्याप्रमाणेच आहे. तू यायलाच हवंस.

तुझा लाडका,
नेरेओ

ता. क. : हंड्यात माझा लग्नाचा सूटही होता. आटून आता तो बारशाच्या बाळाला बसेल. तेव्हा फेर्मीनकाकांचा काळा सूट घेऊन ये. नव्यासारखाच असणार, तो घालून कुठे जावं असं काकांना कधी वाटलंच नाही.

दुसरं ता. क. : काकांनाही आण, पण एक विनंती. कसिल्दाबाईंनी विचारलंय, हे घराण्यात आणखी कुणाला आहे का? मी छातीवर हात ठेवून नाही म्हटलंय. तेव्हा लग्नात काकांना शक्यतो उभं ठेव.