दोनशेच्या जागी पाचशे तेहतीस

नाशिक,
१५ नोव्हेंबर १९८७

प्रिय मंगल,

सप्रेम जय भीम. हैदराबादला तुला खोली मिळाल्याचे वाचून आईला हायसे वाटले. निफाडहून लहानूमामांनी द्राक्षांची छाटणी वेळेवर झाल्याचे कळवले आहे. आता मुख्य विषयाकडे येतो.

तुमच्या कंपनीने आमच्या सातपूरच्या कारखान्यात बसवलेल्या संगणकावर तू सुधारलेली प्रणाली सोमवारपासून सुरू झाली. पूर्वी सकाळच्या पाळीला आठही टर्मिनलवर हत्यारांच्या नोंदी उघडल्या की पडद्यावर ‘जागा नाही’ असे येई आणि माझ्या भांडाराच्या खिडकीशी रांग लागे. फिटर सहादू म्हणायचा, “साहेब, हे यंत्र आल्यापासून विडीला हक्काची सुटी मिळते.” सोमवारी रांग लागलीच नाही. तो म्हणाला, “तुमच्या पोरीनं माझी विडी बंद केली.”

मी वाणिज्य शाखेचा. तरीही या सुधारणेवरचे तुझे टिपण चार वेळा वाचले. उघडलेल्या प्रत्येक फाइलचे एक कार्ड यंत्र आपल्या स्मृतीत ठेवते. कार्ड दोनशे छप्पन्न बाइटचे, आणि जागा अशा दोनशे कार्डांपुरतीच. ज्यांचे उत्तर केवळ हो किंवा नाही असते, अशा आठ बाबी तू एकाच बाइटमध्ये बसवल्यास. क्वचितच भरणारे रकाने वेगळ्या चिठ्ठीवर नेऊन ती चिठ्ठी लागेल तेव्हाच जोडलीस. डिस्कवर असलेला जो मजकूर स्मृतीत उगाच दुसऱ्यांदा ठेवला होता, तो काढलास. कार्ड शहाण्णव बाइटचे झाले. मी कागदावर भागाकार केला: त्याच जागेत पाचशे तेहतीस कार्डे, बाकी बत्तीस. यंत्रात एकही नवा भाग न घालता हे साधले. तीस वर्षांच्या नोकरीत इतके नेटके काम माझ्या पाहण्यात नाही.

वास्तविक मला ते पहिल्याच वाचनात समजायला हवे होते. १९७४ साली खिडकीवरच्या कार्डांवर मी तीनच रकाने ठेवले आणि बाकीचा तपशील मागच्या कपाटातील रजिस्टरात नेला. तू दहा वर्षांची होतीस. सुटीत ती कार्डे माझ्याबरोबर आखायला बसलीस आणि रेषा वाकड्या आल्या म्हणून मी तुला ती पुन्हा आखायला लावली.

मार्चमध्ये तुझी ही सुधारणा अडली. ‘वापरणाऱ्या विभागांपैकी एकाचा आक्षेप: नोंदी नाहीशा होण्याचा धोका’, एवढेच तुला कळवण्यात आले. काम तुझ्याकडून काढले गेले आणि जूनमध्ये तुझी बदली झाली. आक्षेप तपासणी विभागाच्या खंडेरावांचा, असे तू धरून चाललीस. आई जेवताना म्हणाली, “एकदा बोलवा त्यांना जेवायला. मीठ तपासल्याशिवाय घास उतरायचा नाही त्यांच्या घशाखाली.” तू त्या दिवसांत प्रथमच हसलीस. मी ताक मागितले.

मंगल, तो आक्षेप माझा होता. स्मृतीतून काढलेले रकाने कायमचे गेले, असे मी समजलो. डिस्कवरची मूळ नोंद जागच्या जागी राहते, हे तू दुसऱ्या पानावर स्पष्ट लिहिले होतेस. मी पहिल्याच पानावर लेखणी उचलली. मुलीच्या कामाला सवलत दिली असे कोणी म्हणू नये, म्हणून भाषाही नको तेवढी कठोर वापरली, आणि खाली सहीऐवजी विभागाचा शिक्का मारला. चूक उमगल्यावर गेल्या महिन्यात मी चाचणीला संमती दिली. मात्र मूळ आक्षेप कोणाचा, हे तुझ्या साहेबांना कालच लिहून दिले. प्रत सोबत आहे. खाली शिक्का नाही, माझे पूर्ण नाव आहे. सायंकाळी खंडेरावांच्या घरी जाणार आहे. हे पत्र इथवर आईला वाचून दाखवले. ती उठून ताटे वाढायला गेली. आज ताटाशी ताक नव्हते, आणि मी ते मागितले नाही.

तुझाच,
आबा